सातारा-सांगली परिसरातील नादविचार : श्रुतींचे मोजमाप, मिरजेचा तंबोरा आणि नाट्यगृहाचा अवकाश

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास बहुधा घराणी, गवई आणि नाटक मंडळ्या यांच्या आधारे लिहिला जातो. नाद ही मोजता येण्याजोगी भौतिक घटना आहे, या दृष्टीने येथे काय विचार झाला, याची नोंद त्या इतिहासात क्वचितच आढळते. वस्तुतः विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सातारा आणि सांगली या भागात अशा स्वरूपाचा एक गंभीर प्रयत्न झाला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल, भारतीय सनदी सेवेतील न्यायाधीश ई. क्लेमंट्स आणि किराणा परंपरेचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ या तिघांच्या सहभागातून भारतीय सप्तकातील बावीस श्रुतींचे मापन करण्यात आले. त्यातून ग्रंथ निर्माण झाले, १९११ मध्ये सातारा येथे ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्यात श्रुती-हार्मोनियम नावाचे वाद्यही तयार झाले.

हा प्रयत्न फसला, असे सामान्यतः मानले जाते. वाद्य रूढ झाले नाही आणि श्रुतींचा वादही मिटला नाही. तथापि तो कोठे आणि का अडला, हे नादशास्त्राच्या अंगाने पाहिले असता निराळेच चित्र दिसते. ज्या प्रश्नाचे उत्तर देवल तारेच्या लांबीत शोधत होते, त्याचा मोठा भाग सांगलीलगतच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिरांच्या हातात होता. आणि उरलेला भाग गाणे ज्या जागेत होते त्या जागेच्या गुणधर्मांत दडलेला होता. प्रस्तुत लेखात या तिन्ही बाजूंचा एकत्रित विचार केला आहे.

मापनाची पार्श्वभूमी

भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाचे बावीस श्रुतींत विभाजन सांगितले आहे. षड्जग्रामात सा, म, प यांना प्रत्येकी चार, रे आणि ध यांना तीन, तर ग आणि नी यांना दोन श्रुती दिल्या आहेत. दोन वीणा घेऊन त्यांपैकी एक क्रमाक्रमाने उतरवीत जाण्याचा प्रयोगही तेथे वर्णिला आहे. मात्र श्रुतीचे अंतर किती, हे भरताने संख्येत सांगितलेले नाही. निर्णय कानावर सोपविला आहे. सतराव्या शतकातील अहोबलाच्या ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेवरील स्वरस्थाने लांबीच्या प्रमाणात दिली गेली, तेव्हा कानाच्या जोडीला मोजपट्टी आली. देवलांनी ज्याचा विशेष अभ्यास केला तो सोमनाथाचा ‘रागविबोध’ हा ग्रंथ १६०९ मधील, म्हणजे याच शतकाच्या आरंभीचा आहे.

युरोपात हेल्महोल्ट्झ यांचा श्रवणसंवेदनेवरील ग्रंथ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे इंग्रजी भाषांतर अलेक्झांडर एलिस यांनी १८७५ मध्ये केले आणि इंग्रजी जाणणाऱ्या भारतीय अभ्यासकांना ते उपलब्ध झाले. दोन स्वर एकमेकांशी का जुळतात, या प्रश्नाचे भौतिक उत्तर त्यात होते. प्रत्येक सांगीतिक स्वरात मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनसंख्यांचे उपस्वर असतात. दोन स्वरांचे उपस्वर तंतोतंत एकमेकांवर बसले तर स्वर जुळतात. थोडे बाजूला पडले तर आवाजात लहरी, म्हणजेच विस्पंद ऐकू येतात. पुढे १८८५ मध्ये एलिस यांनी निरनिराळ्या देशांच्या सप्तकांवरील निबंधात एका सप्तकाचे १२०० भाग कल्पून ‘सेंट’ हे माप रूढ केले. लंडनमध्ये राजा रामपाल सिंह यांच्या वीणावादनाच्या आधारे त्यांनी भारतीय स्वरही मोजले होते. जगातील सर्व सप्तके निसर्गसिद्ध प्रमाणांवर आधारलेली नसून ती अत्यंत विविध आहेत, असा एलिस यांचा निष्कर्ष होता. देवलांनी हेल्महोल्ट्झ यांचा मार्ग पुढे नेला. एलिस यांचा इशारा मात्र या परिसरातील अभ्यासकांनी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही.

देवल, क्लेमंट्स आणि खाँसाहेब

देवलांचा ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हा छोटेखानी ग्रंथ १९१० मध्ये पुण्यात छापला गेला. त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. ताणलेल्या तारेची कंपनसंख्या, ताण कायम असता, लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३६ इंच लांबीच्या तारेवर षड्ज मानला तर पंचम २४ इंचांवर येतो. खरी कसोटी गंधाराची. षड्जाशी ५:४ हे प्रमाण असलेला गंधार २८.८ इंचांवर बोलतो. पंचमावरून पंचम असे चार वेळा चढून मिळणारा, म्हणजे ८१:६४ प्रमाणाचा गंधार सुमारे २८.४४ इंचांवर येतो. या दोहोंमधील अंतर जेमतेम नऊ मिलिमीटर आहे. हार्मोनियमचा गंधार त्या दोहोंच्या मध्ये, २८.५७ इंचांच्या आसपास असतो. गवयाला स्वर लावण्यास सांगावे, तारेखालची सरकती घोडी हलवून तो स्वर जुळवावा, लांबी मोजावी आणि प्रमाण काढावे, असा हा क्रम होय.

साधने साधी असली, तरी पद्धत कमी प्रतीची नव्हती. एक विसांश इंचापर्यंत लांबी वाचता आली, तर गंधाराच्या जागी केवळ तीन सेंटची चूक संभवते. स्वर जुळला की नाही, हे विस्पंद थांबण्यावरून ठरविले तर कानही तितकाच सूक्ष्म काम करतो. तार घोडीवर दाबली जाताना ताण किंचित वाढतो, ही अडचण खरी. पण ती काळजीने सांभाळता येते. अडचण दुसरीच होती. शोधावयाची प्रमाणे आधीच हाताशी होती. २, ३ आणि ५ या संख्यांपासून बनणारे अपूर्णांक हेल्महोल्ट्झ यांच्या ग्रंथात तयार होते, आणि त्यांच्याशी जुळणारे स्वर गवयाच्या गळ्यात सापडले की ते शास्त्राने सिद्ध झाले, असे मानले जाई. या पद्धतीने बावीस श्रुतींची रचना गणिताने फार सुंदर बसते. ८१:८० हे अंतर दहा वेळा, २५:२४ हे पाच वेळा आणि २५६:२४३ हे सात वेळा घेतले असता नेमके एक सप्तक पूर्ण होते. पण ही तीन अंतरे अनुक्रमे सुमारे २२, ७१ आणि ९० सेंटची, म्हणजे परस्परांहून अगदी भिन्न आहेत. त्यांना सरसकट ‘श्रुती’ हे एकच नाव देणे भरताला मान्य झाले असते का, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे.

या प्रयोगातील सहभागींचे परस्परसंबंधही लक्षात घेतले पाहिजेत. देवल महसूल खात्यातील, क्लेमंट्स न्यायखात्यातील. एकाला मोजणीची सवय, तर दुसऱ्याला पुरावा तपासण्याची. अब्दुल करीम खाँ यांच्याकडे वंशपरंपरेने आलेली विद्या आणि असामान्य सुरेल गळा होता. षड्ज-गंधारातील सूक्ष्म फरक मागणीबरहुकूम लावून दाखविणे त्यांना शक्य होते. प्रयोगाची सर्व मदार या क्षमतेवर होती. तरीही ग्रंथ दोन्ही अधिकाऱ्यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. खाँसाहेबांचा गळा साक्षीदार होता आणि निवाडा आकड्यांनी द्यावयाचा होता, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. त्या काळच्या सामाजिक चौकटीत हे नवल नव्हे. परंतु खाँसाहेबांना या कामात मनापासून रस होता, हेही तितकेच खरे. शास्त्र गवयाला परके असता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. पुढे पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविताना आणि नंतर मिरजेत वास्तव्य करतानाही श्रुतीचा विषय त्यांनी सोडला नाही.

क्लेमंट्स यांचा ‘इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन म्युझिक’ हा ग्रंथ १९१३ मध्ये आला. दरम्यान साताऱ्याची सोसायटी स्थापन झाली होती. जिल्ह्याच्या गावी, विद्यापीठ किंवा प्रयोगशाळा यांचा आधार नसताना, स्वरशास्त्रासाठी संस्था उभी राहणे ही गोष्ट तत्कालीन मुंबई इलाख्यात अपवादात्मकच म्हटली पाहिजे. श्रुती-हार्मोनियम ही तिच्या कार्यक्रमाची सर्वांत दृश्य निष्पत्ती. पाश्चात्त्य हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने भारतीय स्वर बिघडतात, असा आक्षेप होता. म्हणून बावीस श्रुतींच्या पट्ट्या असलेली पेटी करावी, हा त्यावरचा उपाय.

मार्च १९१६ मध्ये महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. श्रुतींचा प्रश्न तेथे प्रमुख वादविषय झाला. देवल आणि क्लेमंट्स यांची मांडणी परिषदेला पटली नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा तिला विरोध होता. प्रचलित संगीताची व्यवस्था बारा स्वरांच्या आधारे लावता येते आणि तीच आज उपयोगी आहे, ही त्यांची भूमिका. या वादात भातखंड्यांची सरशी झाली, असे इतिहास सांगतो. मात्र ती सरशी व्यवस्थेच्या सोयीची होती. गवई प्रत्यक्षात कोणता गंधार लावतो, या मूळ प्रश्नाला बारा स्वरांच्या चौकटीनेही उत्तर दिले नाही.

काळाचा घटक

स्वराचे स्थान आणि स्वराचा कालावधी यांचा निकटचा संबंध आहे, ही गोष्ट या साऱ्या वादात दुर्लक्षित राहिली. षड्ज २४० कंपनांचा मानला तर नैसर्गिक गंधार ३०० कंपनांचा, हार्मोनियमचा ३०२.४ आणि ८१:६४ या प्रमाणाचा ३०३.७५ कंपनांचा येतो. तंबोऱ्याच्या षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० कंपनांचा असतो. हार्मोनियमच्या गंधाराचा चौथा उपस्वर सुमारे १२०९.५ वर येतो, तेव्हा दर सेकंदाला साधारणपणे साडेनऊ विस्पंद होतात. ८१:६४ च्या गंधाराचे पंधरा होतात. नैसर्गिक गंधाराचा उपस्वर मात्र १२०० वरच बसतो आणि आवाज एकदम स्थिर होतो. विलंबित आलापीत गंधारावर दोन-तीन सेकंद थांबणाऱ्या गवयाला हा फरक स्पष्ट कळतो, आणि चांगल्या श्रोत्यालाही.

आता द्रुत तान घ्यावी. सेकंदाला आठ स्वर गेले तर एका स्वराच्या वाट्याला सव्वाशे मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत साडेनऊ विस्पंदांपैकी जेमतेम एक पुरा होतो, २.४ कंपनांचा फरक कानाला वेगळा काढता येणे जवळजवळ अशक्य. म्हणजे श्रुतीचा सूक्ष्म भेद गाण्यात सर्वत्र समान अर्थाने अस्तित्वात नसतो. तो ठेहरावात प्रकट होतो आणि गतीत विरतो. देवलांच्या तारेवरचा स्वर हा पूर्णतः ठेहरावाचा स्वर होता. मींड, आंदोलन आणि कण यांनी घडलेल्या रागाच्या हालचालीला तो लागू करणे म्हणजे वाहत्या कृष्णेचे पात्र एका घाटावर उभे राहून मोजण्यासारखे होते. अब्दुल करीम खाँ यांच्या गायकीत स्वरावरील संथ मुक्कामाला जे महत्त्व होते, ते पाहता या प्रयोगासाठी त्यांच्याइतका अनुकूल गवई मिळाला नसता. दुसऱ्या एखाद्या तानबाज गवयाबरोबर हाच प्रयोग झाला असता तर आकडे निराळे निघाले असते, असा तर्क करण्यास हरकत नाही.

पुढील काळातील मापनेही याच दिशेचा निर्देश करतात. नाझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये ध्वनिमुद्रणांच्या आधारे केलेल्या अभ्यासात स्वरस्थाने कलावंतागणिक बदलतात आणि एकाच कलावंताकडेही ती कायम राहत नाहीत, असे दिसून आले. मार्क लेव्ही यांच्या १९८२ मधील ग्रंथाचा सूरही श्रुतिसिद्धान्तांना फारसा अनुकूल नाही. दुसऱ्या बाजूस, बावीस श्रुतींची पेटी करण्याची प्रेरणा संपलेली नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी अशी पेटी तयार करून तिचा पुरस्कार केला आहे. शंभर वर्षांनंतरही प्रश्न जिवंत राहतो, याचा अर्थ त्यात काहीतरी तथ्य आहे. ते तथ्य कशात आहे, एवढेच पाहावयाचे.

मिरजेचा तंबोरा

ज्या तंबोऱ्याच्या साथीने खाँसाहेब श्रुती दाखवीत, त्या वाद्याचे मिरज हे सर्वांत नामांकित केंद्र. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर येथे तंतुवाद्ये घडविण्याकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या आरंभाशी जोडले जाते. संस्थानी राजाश्रय आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गायनाचार्यांचे वास्तव्य यांमुळे मिरजेत गाणाऱ्यांची वर्दळ होती, आणि गाणारे आले की वाद्यांची दुरुस्ती आलीच. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळा, तूनाचे लाकूड, दांडी, तबली, खुंट्या, मणी अशी या वाद्याची सामग्री सर्वपरिचित आहे. नादशास्त्राच्या दृष्टीने मर्म आहे ते घोडीत.

सतारीची किंवा तंबोऱ्याची घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. तिचा माथा रुंद आणि अतिशय मंद वक्र असतो. तार त्या वक्रावर टेकून निघते, त्यामुळे कंप पावताना तिची लांबी क्षणोक्षणी किंचित कमी-अधिक होते. तंबोऱ्यात याशिवाय तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकविला जातो. तो एका विशिष्ट जागी आला की तार अचानक ‘बोलू’ लागते. उपस्वरांचा एक झरा सुटतो. यालाच जवारी खुलणे म्हणतात. जवारी लावणारा कारागीर कानसेने माथा घासतो, तार चढवितो, ऐकतो, पुन्हा उतरवून घासतो. किती घासावे, याचे माप लिहिलेले नसते. गवयाची पट्टी कोणती, आवाज खुला हवा की बंद, हे विचारून हात चालतो.

या घटनेचे पहिले शास्त्रीय विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात केले. भारतीय तंतुवाद्यांवरील त्यांचा लघुलेख १९२१ च्या सुमारास इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या नियतकालिकात आला. तार ज्या बिंदूत छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निष्पंद बिंदू असेल तो उपस्वर आवाजात नसतो, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोरा आणि वीणा यांच्या बाबतीत तो मोडतो, असे रामन यांनी दाखविले. नसावयास हवे होते ते उपस्वरही या वाद्यांत जोरकसपणे ऐकू येतात. कारण अर्थात वक्र घोडी. तार तिच्यावर लपेटत-उलगडत असल्याने ऊर्जा एका उपस्वरातून दुसऱ्यात जात राहते. पुढे १९८२ मध्ये बरिज, कॅप्राफ आणि मोर्शेदी यांनी सतारीच्या तारेचे गणिती प्रतिमान मांडले, तेव्हा या साध्या दिसणाऱ्या घोडीमागील गणित किती बिकट आहे हे ध्यानात आले.

रामन यांचे निरीक्षण देवलांच्या प्रयोगाशेजारी ठेवले असता एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. गंधार ५:४ वर का बसतो? तंबोऱ्यात षड्जाचा पाचवा उपस्वर प्रबळ असतो म्हणून. जवारी चांगली खुललेली असेल तर केवळ षड्ज-पंचमात लावलेल्या तंबोऱ्यातून गंधार स्वयंभू ऐकू येतो, हा गवयांचा नित्याचा अनुभव आहे. खर्जाच्या तारेत तो विशेष जाणवतो. गवई ज्या गंधाराशी आपला गळा जुळवितो तो तारेवर मोजपट्टीने ठरविलेला नसून मिरजेच्या कारागिराने घोडीतून मोकळा केलेला असतो. जवारी बंद असेल, तर तोच गवई त्याच गंधारावर तितका स्थिर राहीलच असे नाही. म्हणजे ज्याला देवल सप्तकाचा नियम समजत होते, तो अंशतः तंबोऱ्याच्या आवाजाचा गुणधर्म होता. संख्या खऱ्या होत्या, पण त्यांचे घर सप्तकात नव्हते. ते वाद्याच्या घडणीत होते. नैसर्गिक स्वर सर्वच वाद्यांत आणि सर्वच सभांत सारख्या ताकदीने आग्रह धरीत नाहीत, याचे कारण येथे सापडते.

सातारा आणि मिरज यांत आगगाडीने काही तासांचेच अंतर. सोसायटीच्या विद्वानांनी श्रुती-हार्मोनियम बनविण्यासाठी लंडन गाठले, मात्र जवारी लावणाऱ्या कारागिराचे ज्ञान त्यांच्या शास्त्राच्या चौकटीत आले नाही. ते आले असते तर श्रुतींचा प्रश्न लांबीच्या प्रमाणांऐवजी उपस्वरांच्या बलाबलाकडे वळला असता. कारागिरीच्या ज्ञानाला भाषा नव्हती म्हणून ते मागे राहिले, असे नेहमी सांगितले जाते. मिरजेच्या कारागिरांकडे खुली, बंद, गोल अशी जवारीची अचूक परिभाषा होती. विचारणारे नव्हते.

नाट्यगृहाचा अवकाश

श्रुती-हार्मोनियम मागे पडली आणि साधी पेटी टिकली, याचे स्पष्टीकरण केवळ विद्वानांच्या मतभेदातून मिळत नाही. त्यासाठी सांगलीच्याच दुसऱ्या परंपरेकडे वळावे लागते. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले. या प्रयोगापासून साठ वर्षांत मराठी नाटक राजवाड्याच्या मोजक्या प्रेक्षकांतून तिकीट काढून येणाऱ्या मोठ्या समुदायापर्यंत पोचले. बालगंधर्वांनी किर्लोस्कर मंडळीत १९०५ मध्ये मिरजेतच शकुंतलेच्या भूमिकेत पदार्पण केले, तेव्हा संगीत नाटक हा लोकप्रियतेच्या शिखराकडे जाणारा व्यवसाय होता. ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचविणे हा नटाचा आणि साथीदारांचा रोजचा प्रश्न होता.

योगायोग असा की नेमक्या याच काळात बंदिस्त जागेतील ध्वनीचे शास्त्र जन्मास आले. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस क्लेमंट सॅबाइन यांना १८९५ मध्ये फॉग कलासंग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे का समजत नाही, याचा शोध घेण्यास सांगण्यात आले. तेथे आवाज बंद झाल्यावरही निनाद सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या वाढवीत निनाद मोजला आणि नियम काढला : निनादकाल खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मेट्रिक मापांत सूत्रातील स्थिरांक ०.१६१ आहे. १९०० मध्ये उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल या नियमाच्या आधारे बांधलेले पहिले संगीतगृह होय.

हे सूत्र आपल्याकडील बैठकीला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. उदाहरणादाखल बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच असा वाड्यातील दिवाणखाना कल्पावा. घनफळ २८८ घनमीटर. रिकाम्या दिवाणखान्याचे एकूण शोषण वीस चौरस मीटरइतके धरले तर निनादकाल २.३ सेकंद येतो. साठ श्रोते बसले आणि प्रत्येकाचे शोषण ०.४५ चौरस मीटर धरले की तो एका सेकंदावर उतरतो. जाजम, लोड आणि पडदे यांनी आणखी खाली येतो. गवयाच्या दृष्टीने ही जागा आदर्श. तंबोऱ्याचे उपस्वर भिंतींवरून परत येऊन स्वराला आधार देतात, पण तान गढूळ होत नाही. श्रोते आठ-दहा हातांवर असल्याने गंधाराची स्थिरता त्यांना खरोखर ऐकू येते. देवल आणि खाँसाहेब यांच्यासारख्यांनी श्रुतीचा जो अनुभव प्रमाण मानला तो अशा जागेतला होता.

नाटकाची जागा याच्या उलट. तंबूत किंवा पत्र्याच्या मांडवात भिंतींचा आधार नाही. उघड्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पाच मीटरवरचा श्रोता आणि चाळीस मीटरवरचा श्रोता यांच्यात अठरा डेसिबलचा फरक पडतो. त्यात प्रेक्षागृहाची कुजबूज, पंखे, लहान मुले, आणि पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस. अशा ठिकाणी तंबोऱ्याचे क्षीण उपस्वर तिसऱ्या-चौथ्या रांगेपलीकडे पोचत नाहीत. जे विस्पंद ऐकून स्वर शुद्ध की अशुद्ध ठरवावयाचे, ते गोंगाटात बुडालेले असतात. सारंगीचा आवाजही तेथे अपुरा पडतो. भात्याच्या जोरावर अखंड, मोठा आणि न उतरणारा स्वर देणारी पेटी, आणि तिच्यापेक्षा भारदस्त असा पायांनी चालविण्याचा ऑर्गन, ही वाद्ये रंगभूमीने स्वीकारली ती या कारणाने. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्यांत गोविंदराव टेंबे यांच्यासारखा श्रेष्ठ पेटीवादक असावा, हे सूचक आहे.

श्रुती-हार्मोनियमची कोंडी येथे दिसते. जेथे तिचे सूक्ष्म स्वर ऐकू आले असते, त्या बैठकीत तंबोरा आधीच उत्तम प्रकारे हजर होता आणि तेथे तिची गरज नव्हती. जेथे पेटीची गरज होती, त्या नाट्यगृहात बावीस आणि बारा यांतला फरक ऐकू येत नव्हता. शिवाय बावीस पट्ट्यांवर बोटे फिरविणे बारांपेक्षा पुष्कळ कठीण. पुढे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत पूर्णांशाने टिकली, तेव्हा स्वर बिघडतो हा देवलांच्याच धर्तीचा आक्षेप पुढे करण्यात आला. ध्वनिक्षेपकाने मात्र परिस्थिती उलटविली होती : मायक्रोफोनसमोर बसलेल्या गवयाला जागेच्या अंतराची चिंता उरली नव्हती, आणि तंबोऱ्याचे उपस्वर घरोघरी पोचू लागले होते. अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५ च्या ध्वनिमुद्रिका आणि १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ ऐकल्या तर विद्युत ध्वनिमुद्रणाने स्वराच्या सूक्ष्मतेला किती न्याय दिला, हे कळते.

विलिंग्डन महाविद्यालयातील पुढचा टप्पा

या सूत्राचा पुढचा धागा सांगलीतच सापडतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ मध्ये सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. तेथील भौतिकशास्त्राचे अध्यापक ग. ह. रानडे यांनी १९३८ मध्ये हिंदुस्थानी संगीताच्या भौतिक आणि सौंदर्यशास्त्रीय अंगांची रूपरेषा मांडणारा इंग्रजी ग्रंथ सांगलीहून प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये मुंबईहून त्याची नवी आवृत्ती निघाली. देवलांच्या पिढीत नादशास्त्र हा निवृत्त अधिकाऱ्यांचा व्यासंग होता. रानड्यांकडे तो महाविद्यालयीन अध्यापकाचा विषय झाला, आणि भौतिकीशेजारी सौंदर्याचा विचार एकाच शीर्षकाखाली आला. मुंबई-पुण्याबाहेरच्या एका महाविद्यालयातून असे काम व्हावे, याचे मोल अध्यापकवर्गाला वेगळे सांगावयास नको.

अब्दुल करीम खाँ यांचे २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्थानकावर निधन झाले. त्यांना मिरजेत मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी तेथे संगीतसभा भरते. उघड्या आवारातील ती सभा आता ध्वनिवर्धकावर होते. दर्ग्यापासून काही अंतरावरच्या वाद्यांच्या दुकानांत इलेक्ट्रॉनिक तंबोरेही विकले जातात. त्यांत षड्ज-पंचम अचूक असतो, परंतु ध्वनी पूर्वमुद्रित असल्याने घोडीवर तार लपेटण्याची क्रिया त्यात नव्याने घडत नाही. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने लाकूड, भोपळा आणि गाव यांची नोंद झाली आहे. जवारीची कानस किती चालवावी, हे अजून कारागीर ऐकूनच ठरवितो : धागा किंचित पुढे, तार छेडून पाहावयाची, पुन्हा किंचित मागे.